कळा आधी, शस्त्र नंतर

निवृत्त झाल्यापासून आप्पांना एक वाईट खोड लागली होती. काहीही सांगायचं असलं की ते जागेवरून उठायचे, धपधप पाय आपटत स्वयंपाकघरात यायचे, माईंच्या थेट समोर उभे राहायचे आणि मग तोंड उघडायचे. एवढं सगळं करून सांगायचं काय, तर "चहा होईल का?"

नोकरीत होते तोवर हाच माणूस बाहेरच्या खोलीतून आरोळी ठोकायचा. सगळे नवरे ठोकतात. त्यात बायकोचा अपमान नसतो, उलट आपलं घर भरलेलं आहे असं वाटतं. आता हे खिडकी आणि शेगडीच्या मध्ये विजेच्या खांबासारखे उभे. उजेड अडतो, वाट अडते, हातातला चमचा अडतो.

"अहो, तिथून सांगता येत नाही? घशाला काय झालंय?"

"पाय मोकळे होतात."

पाय मोकळे होत असतीलही, पण चालणं असं की खालच्या मजल्याच्या छताचे पोपडे पडावेत. माईंनी अनेकदा सुनावलं, "घरात माणसं राहतात, हत्ती नाही." आप्पा मान डोलवायचे आणि पुन्हा धपधप चालायचे. लग्न झाल्यापासून त्यांनी माईंचं कधी ऐकलं नव्हतं, तर आता काय ऐकणार?

दुसरी खोड याहून मोठी. तिचं मूळ सोसायटीच्या सभागृहात होतं. वार्षिक सभेत सेक्रेटरी पाण्याच्या टाकीचा ठराव वाचत असताना सभागृहाचा स्पीकर एकदा रेड्यासारखा हंबरला आणि गतप्राण झाला. नवा आणायचा तर ठराव हवा. ठराव करायचा तर सभा हवी. आणि स्पीकरशिवाय सभा घेतली की मागच्या रांगेतले उठून म्हणणार, आम्हाला ऐकू आलं नाही, ठराव रद्द. सेक्रेटरी नियमाला देव मानणारा माणूस. तो या चक्रात असा अडकला की त्याची दाढी वाढली. तेव्हा आप्पांनी हात वर केला. "मी करून देतो घरी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आप्पांनी उभी हयात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढले होते. आवाजाशी संबंध एवढाच की साहेबाचा ऐकून घ्यायचे. पण त्यांचं म्हणणं, पाणी काय आणि आवाज काय, दोघांनाही वाट नीट काढून दिली की झालं. बाकी सगळी कला. पहिले काही दिवस ते बोटाचं पेर वाकवून दिसेल त्या लाकडावर टकटक करत फिरले. कपाट वाजवलं, पाट वाजवला, पोळपाट वाजवला. सेक्रेटरीचं दार वाजवलं, तर तो बनियनवर धावत आला. "काय काम आप्पा?" "काही नाही, दार चांगलंय," म्हणून आप्पा परत आले. शेवटी त्यांना बोलणारं लाकूड सापडलं ते माईंच्या धान्याच्या पेटीत. माईंच्या लग्नातली पेटी ती! गहू पिंपात गेले, पेटीच्या छातीला गोल भोक पडलं आणि त्यात स्पीकर बसला. मग कळलं की पेटीचं पोट रिकामं राहिलं तर आवाज घुमतो. म्हणून पाहुण्यांची गादी उसवली. तिचा कापूस पेटीत जेवढा गेला, त्याहून जास्त घरात उडाला. सूनबाई शिंकून शिंकून लाल झाली. "माई, पाहुणे आले तर कुठे झोपणार?" तिने अगदी समोर येऊन विचारलं. माई म्हणाल्या, "पेटीत."

यात चिरंजीवांनी उडी घेतली नसती तर निभावलं असतं. पण चिरंजीव यंत्रांच्या कंपनीत मोठे मापनवाले. घरच्या दुधाचंही तापमान घेऊन पितात. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं, "आप्पा, हे अंदाजपंचे आहे. स्पीकर बनवणं हे शास्त्र आहे. फ्रिक्वेन्सी बघावी लागते."

माई या प्रकाराला फिरकी म्हणत. फिरकी कुणीतरी घेतंय एवढं त्यांना कळत होतं.

"मी कानाने बघतो," आप्पा म्हणाले.

"कानाने कुणी बघतं का?"

"ज्याला कान आहेत तो बघतो."

झालं. चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशीपासून स्वतःची पेटी मांडली, गणित करून, मीटर लावून. बापलेकांचं बोलणं बंद झालं. एकाच टेबलावर जेवायचे, पण एकमेकांशी एक अक्षर नाही. सगळं माईंच्या मार्फत. "माई, त्यांना सांग." "अगं, त्याला विचार."

आणि इथेच माईंची पंचाईत झाली. कारण निरोप पोचवायचा तर आधी तो ऐकू यायला हवा, आणि माईंना हल्ली ऐकू येत नव्हतं.

हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ द्यायचंही नव्हतं. माईंचे कान म्हणजे त्या इमारतीतली दंतकथा. जिन्यात पाऊल वाजलं की माई आतून सांगणार, पेपरवाला आहे की दूधवाला. पाण्याचा पंप जळायच्या आदल्या दिवशी माईंनी त्याचा घसा बसलाय म्हणून सांगितलं होतं. शाळा त्यांनी पाटी फुटली तेव्हाच सोडली, पण घरात निकाल त्यांचाच चालायचा, कारण सगळ्यांचं सगळं त्यांना ऐकू यायचं. मग हळूहळू बारीक आवाज गेले. आधी फोनची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी, मग सूनबाई. तिचा आवाज मुळातच पातळ. जाड आवाज तेवढे राहिले.

माईंनी बंदोबस्त केला होता. फळीवर डबे हलवून आरसा असा ठेवला की दारातलं माणूस दिसावं. शिट्टीऐवजी कुकरच्या वाफेवर नजर. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे आपणच बोलत राहायचं. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही.

कारण त्यांनी थोरल्या जाऊबाईंचे हाल बघितले होते. काय ती बाई! नुसती खाकरली तरी घर उभं राहायचं. पण कान गेले आणि ती बसल्या जागी सामान झाली. तिच्या देखत तिची खोली कुणाला द्यायची ते लोक ठरवायचे, आणि ती प्रत्येकाकडे बघून हसायची. ते हसू माईंच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मरण परवडलं, ते हसू नको.

तर एकदा जेवताना चिरंजीव पाण्याचा पेला पुसत म्हणाले, "माई, आप्पांना सांग, त्यांच्या पेटीत घुमारा येतोय."

माई आप्पांकडे वळल्या. "कुणीतरी म्हातारा येतोय म्हणे. सदरा घाला."

 सूनबाईचा घास हातातच राहिला. आप्पांनी क्षणभर माईंकडे बघितलं, मग उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि परत येऊन बसले. अबोला विसरून लेकाला म्हणाले, "बरोबर बोलली तुझी आई. दुसऱ्याच्या कामात खुसपटं काढायला इथे म्हातारा एकच, तो म्हणजे तू."

सगळे हसले. माईही हसल्या, आणि आपण जाऊबाईंसारखं हसलो की काय या धसक्याने पुढचे दोन घास त्यांना उतरले नाहीत.

पुढच्या वेळी तर हद्दच झाली. त्या आठवड्यात सूनबाईची बहीण बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि घरात तोच घोर होता. बाहेरच्या खोलीत सेक्रेटरी दोन्ही पेट्यांची पाहणी करायला आला होता. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई न बोलावता आल्या होत्या. आपला कान सुरावर जन्मला आहे असं त्या स्वतःच सांगत. वाद रंगला तसे चिरंजीव दारातून ओरडले, "माई, तूच सांग! कला की शास्त्र?"

माईंच्या कानात शिरलं ते 'कळा की शस्त्र'. त्यांनी भाजी परतता परतता ठणकावलं, "आधी कळा! कळा पुरत्या येऊ द्यायच्या. नाहीच जमलं तर मग शस्त्र. आणि उगाच घाई करणाऱ्याला बाहेर बसवा."

 बाहेर गाण्याच्या बाईंना हुंदका आला. "काय बोललात माई! कळा सोसल्याशिवाय कला नाही! अहो, मी इतकी वर्षं शिकवते, मला नाही सुचलं." सेक्रेटरीने ते वाक्य सूचनाफलकावर खडूने लिहिलं, पाणी न येण्याच्या सूचनेच्या वर: कळा आधी, शस्त्र नंतर. येणारे-जाणारे वाचून मान डोलवू लागले. आणि व्हायचं तेच झालं. समितीने एकमताने ठरवलं, दोन पेट्यांचा निवाडा माईंनी करायचा. इमारतीत एवढे तयार कान दुसऱ्या कुणाचे आहेत?

माईंनी गुडघेदुखी काढून बघितली. सेक्रेटरी म्हणाला, खुर्ची आणतो. घरचाच मामला आहे, लोक काय म्हणतील, असं म्हणून बघितलं. सेक्रेटरी म्हणाला, नवरा आणि मुलगा, दोघंही घरचे, म्हणजे पक्षपात फिटतो. नियमाला तोंड असतं तर माईंनी त्याला उत्तर दिलं असतं.

त्या दिवसांत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. हातून दूध उतू गेलं, दोनदा. सूनबाई चिरंजीवांना काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले माईंना आरशात दिसले, शब्द नाही. 'हल्ली लक्ष नसतं' असेल, किंवा त्याहून वाईट असेल. त्यात आप्पांनी आपली पेटी स्वयंपाकघरातच आणून ठेवलेली. तिच्यावर बातम्या लावायचे, आतला कापूस थोडा काढायचे, थोडा घालायचे आणि दर वेळी येऊन माईंच्या तोंडाकडे टक लावून बघायचे.

"माझ्या तोंडावर काय बातम्या छापल्यात?" माई खेकसायच्या.

आप्पा मूठभर कापूस काढायचे. एक मात्र खरं, त्या पेटीतून बातम्या देणाऱ्याचा शब्द न् शब्द माईंना कळायचा. हे त्यांनी अर्थातच कुणाला सांगितलं नाही. धान्याच्या पेटीचं कौतुक करायचं म्हणजे गव्हाचा अपमान.

निवाड्याच्या संध्याकाळी सभागृह भरलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो? समोर चादरीचा पडदा, पडद्यामागे दोन पेट्या, बाजूला टेबलावर मीटर आणि त्यात डोळे घालून बसलेले चिरंजीव. पडद्याच्या कडेला आप्पा, हाताची घडी घालून. पहिल्या रांगेत मध्यभागी माईंची खुर्ची.

त्यांचा बेत पक्का होता. गाणं लावतील, आपण आजूबाजूचे चेहरे बघायचे. गाण्याच्या बाईंनी मान डोलवली की आपण डोलवायची.

चिरंजीव उभे राहिले. "गाणं नाही. गाण्यात आवडनिवड येते. मी फक्त एक शिट्टी वाजवणार. ती बारीक बारीक होत वर चढत जाईल. ऐकू येतेय तोवर माईने हात वर ठेवायचा. हात खाली आला की त्या पेटीची मजल तिथे संपली. ज्या पेटीची मजल जास्त, ती जिंकली."

 बारीक शिट्टी! नेमकी तीच. हा पेटीचा निवाडा नव्हता, हा त्यांच्या कानांचा पंचनामा होता, आणि पंच म्हणून सगळी इमारत बसली होती.

"आम्ही पण हात वर करणार," गाण्याच्या बाई म्हणाल्या. सेक्रेटरीने सांगितलं, नियमात मनाई नाही. सगळ्यांचेच हात वर झाले. माईंना जरा धीर आला. बाईंचा हात खाली गेला की आपलाही...

"आणि डोळे मिटायचे," चिरंजीव म्हणाले. "नाहीतर लोक एकमेकांचं बघून हात खाली घेतात."

पोटचा गोळा! नऊ महिने वाढवला तो याच दिवसासाठी.

"पहिली आप्पांची पेटी. माई, डोळे."

माईंनी डोळे मिटले. शिट्टी सुरू झाली. सुरुवातीला ती जाडच होती, भुंग्यासारखी. चपला काढून त्यांनी तळवे फरशीला टेकवले होते, तिथेही गुणगुण लागत होती. मग ती चढली, बारीक झाली, दोऱ्याएवढी झाली, आणि दोरा सुईतून निसटावा तशी निसटली. सगळं सामसूम झालं. भोवती लोक होते, पण खोलीत कुणीच नाही असं त्यांना वाटलं. वर फक्त त्यांचा हात होता.

आता? खाली घेतला तर उद्यापासून सामान. वर ठेवला तर किती वेळ? शिट्टी संपून सगळ्यांचे हात खाली आले असतील आणि आपला एकटीचा खांब उभा असेल. लोक तोंडावर पदर धरून हसत असतील. घाम कानामागून ओघळला. आप्पांची पेटी आपण हरवणार आहोत, हेही मध्येच आठवलं. बिचाऱ्याने एवढा कापूस कोंबला. हात जड होत चालला. खांद्यात कळ आली. कळा आधी, शस्त्र नंतर! त्या फलकाला आग लागो.

आणि मग माईंना आपलाच राग आला. आयुष्यभर तोंडाने त्यांनी पुष्कळ फिरवाफिरवी केली होती, ती कुणाला चुकली आहे? पण शपथेला वर करतात तसा हात वर धरून, डोळे मिटून खोटं? ते त्यांच्याच्याने होईना. गेलं तर गेलं. त्यांनी हात दाणकन मांडीवर आपटला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला काही ऐकू येत नाहीये!"

डोळे उघडले. बघतात तर सगळ्या सभागृहाचे हात वर! सेक्रेटरीचा ताठ. खालच्या मजल्यावरच्या जोडप्याचे दोन्ही. गाण्याच्या बाईंच्या तर मिटल्या डोळ्यांतून आनंद गळत होता. माईंनी मनात जाऊबाईंना हाक मारली, सरकून जागा करा.

"अरे!" चिरंजीव ओरडले. "सुई हलत का नाहीये? आप्पा, तुमच्या पेटीची वायर निघालीय! आवाजच बंद आहे! केव्हाचा बंद आहे?"

केव्हाचा ते सांगायला कुणीच पुढे झालं नाही. वर गेलेले हात खाली कसे आणायचे हा प्रश्न पडला. सेक्रेटरीने आपल्या हाताने डोकं खाजवलं. खालच्या मजल्यावरच्या जोडप्याने एकमेकांना टाळी दिली. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "खरं सांगू का, सूर थांबला तरी माझ्या आत तो चालूच राहतो."

मग जो गलका झाला तो माईंनाही ऐकू आला. एवढ्या माणसांत खरे कान एकटीचेच! सूनबाईने तर सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. माईंनी तो ताठ मानेने घेतला. सेक्रेटरीने घसा साफ करून जाहीर केलं, जिची वायर सुटते ती पेटी नियमाने बाद. चिरंजीवांची पेटी मंजूर. दुसरी चाचणी झाली नाही, कारण पुन्हा हात वर करायला त्या सभागृहात एकही हात तयार नव्हता.

"पण माई, निकाल राहिला," कुणीतरी म्हणालं. "कला की शास्त्र?"

या वेळी माईंनी प्रश्न बोलणाऱ्याच्या ओठांवर वाचला. "घरी देईन," त्या म्हणाल्या.

त्या आप्पांकडे बघत होत्या. आप्पा पडद्याच्या कडेला तसेच उभे होते, हाताची घडी घालून, हरलेल्या माणसाचा चेहरा करून. तो त्यांना काही केल्या जमत नव्हता. आणि त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला, चपलेबाहेर, तांबड्या वायरचं एक टोक गुंडाळलेलं होतं.

घरी आल्यावर पेटी जागेवर गेली. चिरंजीव आणि सूनबाई पेढीवरच्या शेठजींसारखे शेजाऱ्यांचं अभिनंदन घेत खालीच थांबले होते. माई शेगडीपाशी उभ्या राहिल्या. धपधप करत आप्पा आले आणि खिडकीच्या उजेडात येऊन उभे राहिले.

"चहा होईल का?"

"वायर तुम्ही ओढलीत."

"कुठली वायर?"

"मला ऐकू कमी येतं," माई म्हणाल्या. वाक्य तोंडातून गेलं आणि घर जागच्या जागी राहिलं, भिंतही पडली नाही. "दिसायला कमी नाही येत. अंगठ्याला काय गुंडाळलंय ते बघा."

आप्पांनी खाली बघितलं. मग वर. "तुझा हात थरथरायला लागला होता," ते म्हणाले.

"पेटी जिंकत होती तुमची."

"ती सभागृहासाठी केलीच नव्हती." आप्पांनी पेटीवर पेराने टकटक केलं. मग माईंच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "बरं, आता निकाल दे. कला की शास्त्र?"

माईंनी आधण ठेवलं, पदराला हात पुसले आणि आख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला:

"कला नाही नि शास्त्र नाही, निव्वळ लबाडी आहे! आणि तीसुद्धा तुम्हाला धड येत नाही, पुरावा पायात घालून घरापर्यंत आलात. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, सोबत चला, तो पुटपुटणारा निघाला तर मी काय करू? माझे गहू पिंपातच राहू देत. ते हत्तीसारखं पाय आपटणं आजपासून बंद, खालच्यांचं छत पडेल. पण समोर येऊन उभे राहता ना, ते तेवढं राहू द्या."